विश्लेषण : तीन मोडकी घरे, अठरा खोल्या आणि पाच टक्के परतावा… भाड्याच्या घरांचा हिशेब बदलणाऱ्या ऑक्टेव्हिया हिल कोण होत्या?

एकच फ्लॅट घेऊन भाड्याने देण्यापेक्षा पाच-सहा बिऱ्हाडांची अख्खी छोटी इमारत घ्या, एक खोली रिकामी राहिली तरी बाकीच्यांच्या भाड्यातून हप्ता निघतो, असे सांगणारे व्हिडीओ मोबाइलवर रोज दिसतात. बहुतेक अमेरिकेतले. आता त्यांचे मराठी अवतारही येऊ लागले आहेत. या व्हिडीओंमध्ये कर्ज कसे मिळवायचे हे सविस्तर असते. जिन्यातला दिवा कोण लावणार, तुंबलेली मोरी कोण काढणार आणि तीन आठवडे भाडे न दिलेल्या माणसाच्या दारात जाऊन नेमके काय बोलायचे, हे मात्र सहसा नसते. या प्रश्नांची उत्तरे १६० वर्षांपूर्वी लंडनमधील एका २६ वर्षांच्या तरुणीने शोधली होती. तिच्याकडे स्वतःचे भांडवल नव्हते. मालमत्ता विकत घेण्याचा अनुभवही नव्हता.

ऑक्टेव्हिया हिल हे नाव ब्रिटनमध्ये आज नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक म्हणून घेतले जाते. पण त्यांच्या कामाची सुरुवात भाडेवसुलीपासून झाली आणि आयुष्यभर तेच त्यांचे मुख्य काम राहिले.

दिवाळखोराच्या घरातील मुलगी

ऑक्टेव्हिया यांचा जन्म ३ डिसेंबर १८३८ रोजी इंग्लंडच्या केंब्रिजशायर परगण्यातील विसबेक या गावी झाला. वडील जेम्स हिल धान्याचे व्यापारी होते, बँकेच्या व्यवसायातही होते आणि रॉबर्ट ओवेन यांच्या सहकारी विचारांनी भारलेले होते. १८४० मध्ये त्यांचे दिवाळे निघाले. या धक्क्यातून ते सावरले नाहीत. कुटुंबाचा भार आई कॅरोलिन आणि आजोबा डॉ. थॉमस साउथवूड स्मिथ यांच्यावर आला.

हे आजोबा महत्त्वाचे आहेत. ते तापाच्या रुग्णालयात काम करणारे डॉक्टर होते आणि गटारे, पाणी, हवा यांचा आजाराशी संबंध आहे, हे सरकारला पटवून देणाऱ्यांच्या पहिल्या फळीत होते. नातीने लहानपणापासून घरात सांडपाण्याच्या निचऱ्याची चर्चा ऐकली. तिचे पुढचे निर्णय पाहिले की हा वारसा जागोजागी दिसतो.

शाळेत जाण्याचा प्रश्नच नव्हता. आईने घरीच शिकवले. चौदाव्या वर्षाच्या आसपास ऑक्टेव्हिया लंडनमध्ये आई चालवत असलेल्या महिलांच्या सहकारी कार्यशाळेत रुजू झाल्या. तेथे गरीब मुली बाहुल्यांच्या घरासाठी चिमुकले टेबल-खुर्च्या बनवत. या मुलींवर देखरेख ठेवणे, माल मोजणे आणि हिशेब लिहिणे हे काम त्यांच्याकडे आले. मुली राहतात कुठे, हे पाहायला त्या त्यांच्या घरी जाऊ लागल्या. एका खोलीत अख्खे कुटुंब, अंधारा जिना, पाण्याची बोंब… मुंबईच्या वाचकाला हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको.

याच काळात त्यांची ओळख कलासमीक्षक जॉन रस्किन यांच्याशी झाली. रस्किन यांच्यासाठी त्या जुन्या चित्रांच्या नकला करून देत. बहिणींबरोबर शाळाही चालवत. वडिलांचे जुने कर्ज फेडण्यात या बहिणींची बरीच वर्षे गेली. कर्जाची ही धास्ती लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे भाडेकरूची थकबाकी त्यांना कधीच किरकोळ वाटली नाही.

भांडवल आले कुठून?

रस्किन यांचे वडील शेरी या मद्याचे मोठे व्यापारी होते. १८६४ मध्ये ते वारले आणि मुलाच्या हाती मोठी संपत्ती आली. तिचे काय करावे, या विचारात ते असताना ऑक्टेव्हिया यांनी आपली कल्पना मांडली: गरिबांची घरे विकत घ्यायची, नीट करायची आणि त्याच गरिबांना भाड्याने द्यायची.

रस्किन पैसे द्यायला तयार झाले. पण त्यांनी एक सूचना केली आणि या गोष्टीचे सगळे वळण त्या सूचनेत आहे. हा धंदा पाच टक्के परतावा देऊ शकला तर दुसरे लोकही यात पैसे घालतील, नाहीतर ते एका श्रीमंत माणसाचे दान म्हणून तिथेच संपेल, असे त्यांचे म्हणणे होते. त्या वेळी ब्रिटिश सरकारच्या रोख्यांवर तीन टक्क्यांच्या आसपास व्याज मिळे. म्हणजे पाच टक्के हा जोखमीच्या मानाने माफक, पण बचत खात्यापेक्षा बरा असा दर होता. तुलनेसाठी सांगायचे तर मुंबई-पुण्यात आज घराचे वर्षाचे भाडे घराच्या किमतीच्या साधारण दोन ते चार टक्के पडते.

लंडनमध्ये असा विचार करणाऱ्या ऑक्टेव्हिया एकट्या नव्हत्या. पीबडी यांच्या देणगीतून १८६२ पासून आणि सिडनी वॉटरलो यांच्या कंपनीमार्फत १८६३ पासून कामगारांसाठी नव्या इमारती उभ्या राहत होत्या. पण नव्या इमारतीचा खर्च भाड्यात उतरतो आणि ते भाडे नियमित पगार असलेल्या कारागिरालाच परवडते. हमाल, फेरीवाला, धुणे धुणारी बाई तिथे पोहोचत नसे. ऑक्टेव्हिया यांनी म्हणून बांधकामाचा नाद सोडला आणि उभी असलेली मोडकी घरेच हाती घेतली. आजच्या ब्रोकरच्या भाषेत रिसेल.

पहिला सौदा : पॅराडाइज प्लेस

१८६५ मध्ये लंडनच्या मेरिलबोन भागातील पॅराडाइज प्लेस या गल्लीतली तीन घरे ७५० पौंडांना मिळाली. प्रत्येक घरात सहा खोल्या. जमीन मालकीची नव्हती, घरे मुदतीच्या भाडेपट्ट्यावर होती. गल्लीच्या नावात स्वर्ग होता, पण आत नरक. गिलावा गळत होता, जिन्याचे कठडे भाडेकरूंनी सरपण म्हणून जाळून टाकले होते, छतातून पडणारे पाणी झेलायला जिन्यात बादली ठेवलेली. धुण्याची खोली होती, पण आधीच्या मालकाने तीत आपले भंगार भरून कुलूप लावले होते. पाण्याचे एकच पिंप, तेही गळके. पाणी आले तेव्हा ज्याच्याकडे भांडे नव्हते, त्याला दिवसभर पाणी नाही.

आता हिशेब पाहू. ७५० पौंडांवर पाच टक्के म्हणजे वर्षाला साडेसदतीस पौंड. खोल्या अठरा. म्हणजे सगळा खर्च वजा जाता प्रत्येक खोलीमागे आठवड्याला दहा पेन्सपेक्षाही थोडे कमी उरले तरी पुरे. (शिलिंगचे बारा पेन्स, पौंडाचे वीस शिलिंग. हे गणित मी कॅल्क्युलेटरवर दोनदा करून पाहिले.) आकडा लहान दिसतो. मग एवढी स्वस्त घरे आधीच्या मालकांना का झेपत नव्हती? कारण ‘सगळा खर्च’ या दोन शब्दांत लपलेले आहे: जमिनीचे भुईभाडे, कर, विमा, डागडुजी, रिकाम्या खोल्या आणि सर्वांत मोठे म्हणजे बुडालेले भाडे.

त्या काळचा छोटा घरमालक बुडीत भाडे गृहीत धरूनच चाले. दहांतले तीन देणार नाहीत, म्हणून उरलेल्या सातांकडून जास्त घ्यायचे आणि दुरुस्तीवर एक पैसा घालायचा नाही. ऑक्टेव्हिया यांनी आपल्या लेखनात अशा एका मालकाची हकिकत नोंदवली आहे. त्याचा मूळ धंदा अंत्यविधीचा होता. भाडे बुडते याचे त्याला फारसे दुःख नव्हते, कारण त्याची खरी कमाई त्या घरांत होणाऱ्या मृत्यूंतून येत होती आणि हे तो उघडपणे सांगत असे. गलिच्छ घरातून पैसे कमावण्याची याहून थंड रीत मी तरी वाचलेली नाही.

त्यांची पद्धत नेमकी काय होती?

आधी जीवावर बेतणाऱ्या गोष्टी. निचरा, पाणी, गळके छप्पर हे ताबडतोब नीट केले. रंग, नवे कपाट, नवी चूल हे नंतर आणि हळूहळू, भाडेकरू आहे ते सांभाळतात असे दिसल्यावर. सगळ्या घरांवर एकदम खर्च केला असता तर भांडवल अडकले असते आणि भाडे वाढवावे लागले असते. भाडे वाढले की जुने भाडेकरू बाहेर आणि मग मूळ उद्देशच संपला.

दुसरी गोष्ट जागेची. एका खोलीत कोंबलेल्या कुटुंबाला त्यांनी दोन खोल्या दिल्या, एका खोलीच्या भाड्यापेक्षा थोड्याच जास्त भाड्यात. कागदावर हा तोटा दिसतो. पण दोन खोल्या मिळालेले कुटुंब सहसा सोडून जात नाही, खोली रिकामी राहत नाही आणि वसुली चुकत नाही.

तिसरी युक्ती मला सर्वांत आवडली. प्रत्येक घरासाठी वर्षाच्या दुरुस्तीची ठराविक रक्कम बाजूला ठेवली जाई. मोडतोड दुरुस्त करून जे उरेल ते भाडेकरू सांगतील त्या सुधारणेवर खर्च होई. काच फुटली तर उरणारी रक्कम कमी होणार, हे घरातल्या पोरालाही कळू लागले. इंजिनीअरिंगला आम्हाला फीडबॅक लूप शिकवायला एक अख्खे सेमिस्टर लागले होते. इथे ते एका वहीत मांडलेले आहे.

जिने आणि बोळ घासण्यासाठी भाडेकरूंच्याच थोड्या मोठ्या मुलींना पैसे दिले जात. हाताला काम नसलेल्या दिवसांत पुरुषांना घरांच्या दुरुस्तीचे काम दिले जाई. त्या मजुरीतून त्याचे भाडे सुटे, म्हणजे मालकाचा पैसा फिरून मालकाकडे येई आणि घरही दुरुस्त होई.

आणि भाडे? दर आठवड्याला, दारात जाऊन. ऑक्टेव्हिया स्वतः जात. सुरुवातीला अंधाऱ्या जिन्यात, कधी दाराच्या फटीतून पुढे आलेल्या हातातून, कधी शिव्यांसकट. थकबाकीला माफी नव्हती. भाडे थकले की नोटीस, आणि नोटिशीनंतरही दिले नाही तर बाहेर. मुलांना शाळेत न पाठवणारे, खोलीत पुन्हा गर्दी करणारे, त्यांच्या मते अनैतिक वागणारे यांनाही घर सोडावे लागे. दयेपोटी भाडे सोडले तर आपण घरमालक राहत नाही, दाते होतो आणि माणूस मिंधा होतो, असे त्यांचे ठाम मत होते.

पहिल्या दीडेक वर्षाचा हिशेब त्यांनी प्रसिद्ध केला. गुंतवणुकीवर पूर्ण पाच टक्के दिले गेले होते, कर, भुईभाडे आणि विमा भागला होता आणि वर मूळ भांडवलापैकी ४८ पौंड परत झाले होते. हे शेवटचे महत्त्वाचे. भाडेपट्ट्याची मुदत एक दिवस संपणार, तेव्हा घरे हातात राहणार नाहीत. म्हणून मुद्दलही भाड्यातूनच वसूल झाली पाहिजे. आणखी एक बारकावा असा की वसुलीचे काम त्या स्वतः फुकट करत होत्या, तरीही हिशेबात वसुली करणाऱ्याच्या मेहनतान्याची नेहमीची टक्केवारी खर्च म्हणून धरत. उद्या हे काम पगारी माणसाने केले तरी गणित टिकले पाहिजे. आज स्वतः खपून भाड्याची खोली चालवणाऱ्या किती जणांच्या एक्सेलमध्ये हा रकाना असतो?

तीन घरांपासून तीन हजार भाडेकरूंपर्यंत

१८६६ मध्ये रस्किन यांनी जवळच्या फ्रेशवॉटर प्लेसमधील घरे घेतली. तिथे मोकळी जागा होती, ती साफ करून मुलांना खेळायला मैदान केले, झाडे लावली. पाच टक्के खरोखर मिळतात हे दिसल्यावर दुसरे गुंतवणूकदार आले, बहुतेक सधन घरांतल्या स्त्रिया आणि ओळखीपाळखीचे लोक. मालकी त्यांची, व्यवस्थापन ऑक्टेव्हिया यांचे. १८७४ पर्यंत १५ ठिकाणी सुमारे तीन हजार भाडेकरू त्यांच्या देखरेखीखाली होते. तोवर त्या पोटासाठी शाळेत शिकवतच होत्या. त्या वर्षी मित्रमंडळींनी निधी उभा केला, तेव्हा कुठे त्यांना पूर्ण वेळ या कामाला देता आला.

एवढा पसारा एकट्याने झेपणे शक्य नव्हते. त्यांनी स्त्रियांना तयार केले. वसुली, वही, गवंड्याशी घासाघीस, आरोग्य खात्याशी पत्रव्यवहार हे सगळे या स्त्रिया शिकल्या. इस्टेट सांभाळणे हा स्त्रियांसाठी पगारी पेशा होऊ शकतो, हे ब्रिटनमध्ये यातून सिद्ध झाले.

सगळे सुरळीत मात्र चालले नाही. बॅरेट्स कोर्टमधील त्यांच्या ताब्यातील काही घरे स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याने राहण्यास अयोग्य ठरवली. हळूहळू सुधारणा करण्याच्या पद्धतीची ही दुसरी बाजू होती, कारण रोगजंतू भाडेकरूची शिस्त सुधारण्याची वाट पाहत नाहीत. १८७७ हे वर्ष तर वाईटच गेले. जुळलेले लग्न मोडले, प्रकृती ढासळली आणि रस्किन यांच्याशी बिनसले. व्यवहार हा रस्किन यांचा प्रांत नाही, असे त्या कुणाजवळ तरी बोलल्या होत्या. ते रस्किन यांच्या कानावर गेले. त्यांनी दोघांतला पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला. पहिला गुंतवणूकदार असा जाहीरपणे उलटला. पुढे त्यांनी ही घरे विकून टाकली. ऑक्टेव्हिया दीर्घ विश्रांतीसाठी परदेशी गेल्या, पण त्यांच्या सहकारी स्त्रियांनी वसुली चालू ठेवली आणि पद्धत एका माणसावर अवलंबून नाही हे त्या निमित्ताने दिसले.

१८८४ मध्ये इंग्लंडच्या चर्चच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या आयुक्तांनी साउथवर्क आणि डेप्टफर्ड येथील आपली घरे त्यांच्याकडे सोपवली. साउथवर्कमध्ये त्यांनी टुमदार घरे, सभागृह आणि बाग उभी केली. डेप्टफर्डने मात्र दमवले. दांडगाई, थकबाकी, सततची मोडतोड. गल्ली बदलली की तेच सूत्र तसेच चालत नाही, हे तिथे कळले.

टीका काय होते?

त्यांच्यावरची टीका आजही संपलेली नाही आणि ती निराधार नाही. पाच टक्के देऊ शकेल असाच गरीब त्यांच्या घरात टिकत होता. ज्याला काढले, तो पुढच्या गल्लीतल्या त्या अंत्यविधीवाल्यासारख्या मालकाकडेच जात असणार. भाड्याबरोबर वागणुकीवरही पहारा होता. शिवाय लंडनची गरज लाखो घरांची होती. दारोदार जाणाऱ्या बायकांच्या बळावर ती भागणार नव्हती. तरीही नगरपालिकेने घरे बांधून स्वस्तात द्यावीत याला त्यांनी शेवटपर्यंत विरोध केला. वृद्धांना सरकारी पेन्शन देण्यालाही विरोध आणि स्त्रियांच्या मताधिकारालाही. शेकडो स्त्रियांना कामाला लावणारी ही बाई मताधिकाराच्या विरोधात कशी, हे कोडे मला तरी सुटलेले नाही. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनने त्यांनी नको म्हटलेला मार्ग धरला आणि नगरपालिकांनी मोठ्या प्रमाणावर घरे बांधली.

मुंबईशी संबंध काय?

थेट नाही, पण एक दुवा आहे. ऑक्टेव्हिया यांच्या पद्धतीवर एडिंबरोमध्ये १८८५ मध्ये एडिंबरो सोशल युनियन सुरू झाली. ती उभी करणाऱ्यांत पॅट्रिक गेडिस हे प्रमुख होते. जुनी बहुबिऱ्हाडी घरे सरसकट न पाडता नेमकी तेवढीच दुरुस्त करायची, असे त्यांचे तत्त्व होते. हेच गेडिस पुढे भारतात आले, अनेक शहरांचे आराखडे त्यांनी केले आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभागाचे पहिले प्राध्यापक झाले. प्लेगनंतर स्थापन झालेल्या मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने त्याआधीच वस्त्या पाडून रस्ते काढायला सुरुवात केली होती. आपल्याकडे पुढे चाळींचे भाडे कायद्याने गोठले, भाड्यातून डागडुजी निघेना आणि मालकांनी दुरुस्ती सोडली. पॅराडाइज प्लेसच्या वहीतला दुरुस्तीचा रकाना शून्य केला तर काय होते, ते गिरगावात पाहता येते.

शेवटची वर्षे

खोलीत राहणाऱ्या माणसाला बाहेर बसायला जागा हवी, या विचारातून त्या मोकळ्या मैदानांच्या चळवळीत ओढल्या गेल्या. लंडनच्या उत्तरेकडील पार्लमेंट हिल वाचवण्यात त्यांचा वाटा होता. १८९५ मध्ये रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्सली यांच्यासह त्यांनी नॅशनल ट्रस्टची स्थापना केली. अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये १८९६ साली त्यांच्या नावाची संस्था निघाली आणि तिनेही मोडकी घरे घेऊन, दुरुस्त करून, मर्यादित परताव्यावर भाड्याने देण्याचे काम केले.

१३ ऑगस्ट १९१२ रोजी, ७३ व्या वर्षी, मेरिलबोनमधील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफनाचा प्रस्ताव आला होता, पण त्यांची इच्छा आधीच ठरलेली होती, म्हणून केंटमधील क्रॉकहॅम हिल या खेड्यात बहीण मिरांडाशेजारी त्यांना पुरण्यात आले. पॅराडाइज प्लेसचे नाव आता गार्बट प्लेस आहे. ती छोटी घरे अजून उभी आहेत, दारावर त्यांच्या नावाची निळी पाटी आहे. आजूबाजूचा मेरिलबोन लंडनच्या महागड्या भागांपैकी एक झाला आहे.